मागे भिंत आहे

दिवसभर यंत्रमागावर उभी राहून इंदुमती गायधनी टीव्हीच्या दुकानात आली, तेव्हा तिच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठी तिला लहानसा, परवडेल असा टीव्ही हवा होता. मालक रावसाहेब मात्र भिंतभर टीव्हीपुढून हलेनात.

"लहान टीव्हीनं घराची शोभा जाते, बाई. हप्ते बांधून देतो, हाच न्या. आमच्याही दिवाणखान्यात हाच आहे."

वाद घालायचाही तिला कंटाळा आला होता. तिनं पिशवीतून सुताचा धागा काढला. घरच्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापून आणलेला. एक टोक टीव्हीला लावलं आणि दुसरं पोचलं तिथं दुकानातलं स्टूल ठेवलं.

"इथं बसून बघा जरा."

रावसाहेब ऐटीत बसले. पडद्यावर क्रिकेट चाललं होतं. चेंडूमागे मान एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. शेवटी डोळे चोळत ते स्टूल मागे ओढू लागले. इंदुमतीनं ते पायानं अडवलं.

"मागे नका सरकू, रावसाहेब," ती थकल्या आवाजात म्हणाली. "मागे आमची भिंत आहे."

रावसाहेब उठून लहान टीव्ही काढायला गेले. रिकाम्या स्टुलावर इंदुमती एकदाची टेकली.