कासवरावांचं एका इंजिनाचं जेट

फार पूर्वी जनावरं आपापली विमानं स्वतःच चालवायची. तेव्हा कासवराव एक छोटं जेट घ्यायला निघाले. आधी एक चक्कर मारून बघू म्हणाले. शेजारी ससेभाऊ बसले. त्यांचं स्वतःचं विमान दोन इंजिनांचं.

"कासवराव, याला इंजिन एकच हो. वर बंद पडलं तर?"

"काळीजही एकच आहे माझं. दीडशे वर्षं चालतंय."

डोंगरावर आल्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. ससेभाऊंनी कानांनी डोळे झाकले. कासवरावांनी सवयीप्रमाणे डोकं आणि हातपाय कवचात ओढून घेतले. एका हातानं आधाराला छतावरची लाल मूठ धरली होती, तीही ओढली गेली.

वर भलीमोठी हवाई छत्री उघडली आणि अख्खं जेट तिला लटकून तरंगू लागलं. खाली नदी दोऱ्याएवढी, कासवरावांचं तळं टिकलीएवढं, आणि सगळं जग त्यांच्याच चालीनं जवळ येत होतं.

"अहो, डोकं बाहेर काढा," ससेभाऊ कुजबुजले. "इतकं हळू मी कधीच काही बघितलं नव्हतं."

जेट गवतावर टेकलं. विकणारा बगळा धापा टाकत आला. "माफ करा, इंजिन आजच दुरुस्त करतो!"

"सावकाश करा," कासवराव म्हणाले. "जेट मी घेतलं."

ससेभाऊ अजून वरच बघत होते. "बगळेबुवा, माझं एक इंजिन काढून तिथं छत्री बसेल का हो?"