टाळूवरचा हात

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक तरुण आई राहायची. पहिलंच लेकरू, आठ महिन्यांची मुलगी. ती नुसती शिंकली तरी आईचा जीव वर-खाली व्हायचा.

एका उन्हाळ्यात मुलीला जुलाब लागले. दोन दिवसांत लेकरू पार गळून गेलं, रडायचंही थांबलं. गावाच्या कडेला एक म्हातारी एकटीच राहत असे. तिच्या कानावर गेलं तशी ती आली. तिने मुलीच्या टाळूवर अलगद तळवा ठेवला. टाळू खोल गेली होती.

"हिच्या अंगातलं पाणी आटलंय," म्हातारी म्हणाली.

तिने भाताची पातळ पेज केली, चिमूटभर मीठ टाकलं आणि मुलीला मांडीवर घेऊन दिवसभर चमच्याचमच्याने पाजत बसली. तिसऱ्या दिवशी मुलीने लाथ मारून वाटी सांडली. म्हातारी हसली. म्हणाली, "आता माझं काम संपलं गं बाई."

पण त्याच उन्हाळ्यात गावातली तीन लेकरं गेली. तिघांच्याही टाळूवर म्हातारीने हात ठेवला होता. तिला बोलावलंच उशिरा होतं, हे कुणाला आठवलं नाही. पाणवठ्यावर बाया कुजबुजू लागल्या. देवऋषीने दाणे टाकून सांगितलं, की ही चेटकीण आहे, टाळूतून जीव ओढून घेते.

देवळापुढे गाव जमलं. म्हातारीला मधोमध बसवलं. देवऋषी एकेका आईला उभं करून एकच प्रश्न विचारत होता. त्या तरुण आईची पाळी आली. घरून निघतानाच नवऱ्याने तिला बजावलं होतं, की विचारलं तेवढंच बोल, नाहीतर तुलाही तिची चेली ठरवतील.

"हिने तुझ्या लेकराच्या टाळूला हात लावला?"

"लावला," आई म्हणाली.

पुढचं तिच्या ओठांवर आलं होतं. आणि माझं लेकरू वाचलं. एवढंच तर म्हणायचं होतं. म्हातारी तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही, वाट बघितल्यासारखी. आईने मुलीला पदराखाली घेतलं आणि ती खाली बसली.

मग लोकांनी दगड उचलले. म्हातारी अनवाणीच रानाकडे गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

दोन वर्षांनी आईला मुलगा झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्यालाही जुलाब लागले. देवऋषीने अंगारा दिला आणि पाण्याचा थेंब देऊ नका म्हणाला. आईने बाळाच्या टाळूवर हात ठेवला. खोल गेली होती. पेज कशी करायची ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने चुलीवर भांडं ठेवलंही.

"चेटकिणीची विद्या शिकलीस वाटतं," सासू दारातून म्हणाली.

आईने भांडं खाली उतरवलं. दिवस मावळायच्या आत बाळ गेलं.

वर्षं गेली. गावात शाळा आली, दवाखाना आला. दवाखान्यातली नर्स मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगे आणि बाया मुकाट्याने पाजत. देवऋषीचा मुलगासुद्धा आपल्या लेकराला घेऊन तिथल्या रांगेत बसे. चेटकीण वगैरे काही नसतं, असं जो तो म्हणू लागला. तरी मनातली भीती काही गेली नाही. म्हातारीचा तळतळाट लागू नये म्हणून रानाच्या वाटेवर कुणीतरी एका दगडाला शेंदूर फासला. होता होता त्या दगडाची टाळूआई झाली. बाया नवी बाळं आणून त्यांचं डोकं तिथे टेकवू लागल्या.

एकदा ती वाचलेली मुलगी आपलं बाळ घेऊन माहेरी आली. मायलेकी त्या वाटेने गेल्या.

"आई, ही देवी फार कडक होती म्हणतात. खरं का गं?"

आईने दगडाच्या माथ्यावर तळवा ठेवला. हाताला शेंदूर लागला.

"देवी कसली? बाई होती. गोजरा नाव होतं तिचं. तुला दिवसभर मांडीवर घेऊन तिने पेज पाजली होती. तिच्यामुळे तू आहेस."

मुलीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग हळूच म्हणाली, "मग हे तू कधी कुणाला सांगितलं का नाहीस?"

"एकदा विचारलं होतं मला," आई म्हणाली. "सगळ्या गावापुढे."

तात्पर्य: ज्याने आपलं भलं केलं त्याच्याबद्दल अर्धं खरं सांगून गप्प बसू नये. उरलेलं अर्धं मग दगडाला सांगावं लागतं.