कातळावरचे मामा

तुम्ही मारलंत त्यांना. विष दुसऱ्या कुणी कुटलं असेल, बैल तिसऱ्याचा असेल. पण कडेला उभं राहून बघत होतात ते तुम्हीच. असं म्हटलं की जो तो मान वळवून शेजाऱ्याकडे बघतो. ठीक आहे. ही गोष्ट शेजाऱ्याचीच आहे असं समजा आणि ऐका.

कातळावर वसलेलं एक गाव होतं. तिथे कुदळ मारली की ठिणगी उडायची, खड्डा पडायचा नाही. झाडं म्हणाल तर करवंदीच्या जाळ्या आणि गुडघ्याएवढी खुरटी झुडपं; रोजची चूल पेटायची तीच मुश्किलीने. अशा गावात माणूस मेलं तर त्याला पुरणार कुठे आणि जाळणार कशाने? म्हणून पूर्वजांनी एक रीत घालून दिली होती. गावाबाहेर एक मोठा सपाट कातळ होता. मेलेल्याला न्हाऊ घालायचं, नवं कापड नेसवायचं, त्या कातळावर नेऊन ठेवायचं आणि परत यायचं. मग आभाळातून गिधाडं उतरायची.

गावात त्यांना गिधाडं कुणी म्हणत नसे. मामा म्हणत. सासरी दमलेल्या लेकीला न्यायला तिचा भाऊ येतो, तसे हे जगात दमलेल्या माणसाला न्यायला येतात. आणि आईचा भाऊ तो मामाच की.

मामा जेवून गेले की उरलेलं काम मुंग्या, किडे आणि ऊन मिळून करायचे. हाडं पांढरी झाली की घरच्यांनी ती आणायची, कुटायची आणि आपल्या वाफ्यात मिसळायची. टोपल्या टोपल्या माती वाहून कातळावर केलेले ते वाफे. त्यांत भात पिकायचा तो या हाडांच्या जोरावर. जेवताना पोराने ताटात शितं टाकली की आई दटावायची, "संपव ती. पणजोबा आहेत तुझे." पोरं हसायची आणि ताट चाटून पुसून ठेवायची.

नियम कडक असा एकच होता. कातळावर ठेवलेल्याला हाडं पांढरी होईपर्यंत मामांखेरीज कुणी हात लावायचा नाही. मेलेली गुरंही त्याच कातळाच्या दुसऱ्या टोकाला जायची. कुजका वास कसा असतो, हे त्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

या गावच्या पाटलाला आपली मुलगी शहरात द्यायची होती. स्थळ चालून आलं. होणारे व्याही घर बघायला आले, ओसरीवर टेकले आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "पाटील, ही गिधाडं कसली हो एवढी?"

"गुरं मरतात अधूनमधून," पाटील म्हणाला.

"गुरंच ना? नाही, लोक काहीबाही बोलतात. तुमच्याकडे म्हणे माणसंसुद्धा..." व्याह्यांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं. वास कसलाच नव्हता, तरी लावलं.

पाटलाचे कान लाल झाले. खरं सांगावं की लपवावं? त्याला फार वेळ लागला नाही. "छे छे! ती खालच्या वस्तीची चाल. आमच्याकडे रीतसर स्मशान आहे. चंदनाची लाकडं लावतो आम्ही."

आत दाराआड पाटलाची आई बसली होती. म्हातारीचं अंग थकलं होतं, जीभ नव्हती थकली. "चंदन? अरे, मग तुझ्या बापाला कुणी नेलं? सुताराने?"

"वय झालंय तिचं," पाटील हसत म्हणाला. "काहीतरी बरळते."

व्याहीही हसले. उठताना मात्र त्यांनी सांगून ठेवलं, "वरात येईल तेव्हा आभाळ तेवढं मोकळं असू द्या. आमच्याकडची मंडळी जरा नाजूक आहेत."

पाहुणे गेल्यावर म्हातारीने मुलाला जवळ बोलावलं.

"तुला लाज वाटते, तर वाटू दे बाबा. मला एक वचन दे. मला मामांच्याच हवाली कर, आणि मग आपल्या वाफ्यात घाल. तिथं तुझा बाप आहे. तुझ्या पाठीवरची, पाळण्यातच गेलेली तुझी बहीण आहे. पोर केव्हाची माझी वाट बघत असेल."

"हो, आये."

"हो म्हणालास?"

"हो म्हणालो ना!"

आणि दुसऱ्याच दिवशी पाटलाने गाव गोळा केलं.

"आज माझी मुलगी शहरात जाईल, उद्या तुमच्या जातील. पण डोक्यावर हे असे घिरट्या घालत असताना आपल्या दारात कोण येणार?"

"पण मामांना मारायचं कसं, पाटील?" कुणीतरी विचारलं.

"मामा कसले? मढी खाणारी पाखरं आहेत ती. आधी ते मामा म्हणणं सोडा."

"मग आपल्या मेलेल्यांचं काय?"

"त्याचं पुढं बघू."

हे 'पुढं बघू' गावाला पुरलं. जो तो मनात म्हणत होता, आता दुसरा कुणीतरी उठेल आणि नको म्हणेल. दुसराही तेच म्हणत होता. कुणी उठलं नाही. सभा संपली आणि लोक घरी जाऊन जेवले.

एका मेलेल्या बैलाच्या पोटात काजऱ्याच्या विषारी बिया कुटून भरल्या आणि तो बैल नेहमीच्या जागी ठेवला. मामा नेहमीसारखे उतरले. या गावाने वाढलेलं खायचं, हे त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीचं होतं. ते जेवले, उडाले, आणि उडता उडता पडू लागले. कुणी कातळावर पडला, कुणी वाफ्यात. एक पाटलाच्याच अंगणात पडला. त्याच्या पसरलेल्या पंखांखाली लग्नासाठी वाळत घातलेले पापड झाकून गेले. गावकऱ्यांनी सगळ्यांना पाय धरून फरफटत नेलं आणि दरीत लोटलं. पाटलीणबाईंनी पापड झटकून पुन्हा वाळत घातले.

वरात आली. व्याह्यांनी मान वर केली आणि पाटलाच्या पाठीवर थाप मारली. "वा, पाटील! केवढं स्वच्छ आभाळ आहे तुमच्याकडे!"

पाटील त्या दिवशी जन्मात कधी नव्हता एवढा खूश होता.

लग्न झालं, मुलगी गेली, आणि गावात एक म्हैस मेली. तिला कातळावर नेऊन ठेवलं. कुणी आलं नाही. म्हैस फुगली, फुटली. माश्यांचे ढग उठले. पाऊस आला तसं कातळावरचं पाणी ओघळून झऱ्यात उतरलं, आणि तेच पाणी घागरींतून घराघरांत गेलं. पोरांना हगवण लागली. मग कुत्री आली. आधी गावातली, मग कुठकुठली. मामा मांस संपवून उडून जायचे. कुत्री तिथेच राहिली, व्याली आणि वाढली. मेलेलं पुरेना तेव्हा ती वासरांवर जाऊ लागली. आता सगळं गाव नाकाला कापड बांधून हिंडत होतं, आणि आता वास खरोखरच होता.

अशा दिवसांत पाटलाच्या आईने अंथरूण धरलं. तिला घरच्यांनी काही सांगितलं नव्हतं.

"मामा आले का रे?" ती विचारायची.

"आले, आये. कातळावर बसलेत."

"मग मला भीती नाही," ती म्हणायची आणि डोळे मिटायची. एकदा तिने डोळे मिटले ते उघडले नाहीत.

पाटलाने ताबडतोब शहरात माणूस पाठवला. व्याह्यांना म्हणावं, आई गेली, गाडीभर लाकडं द्या. माणूस रिकामा परत आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पाटलांकडे तर चंदन असतं. आमची बाभळीची लाकडं कशाला हवीत त्यांना?"

आईला घरात ठेवता येत नव्हतं. गावात पुरण्याजोगी हातभर जागा नव्हती. शेवटी चौघांनी तिला उचललं आणि कातळावर नेलं. पाटलाला वाटलं, एवढ्या मोठ्या आभाळात एखादा तरी उरला असेल. त्याने आईला नव्या लुगड्यात नीट निजवलं, वचन पाळलं, आणि तो मागे फिरला. वाटेत त्याला कुत्री वर चढताना दिसली.

तो पळत परत गेला. आईला उचलून न्यावं तर हात लावायचा नाही. हाडं पांढरी होईपर्यंत नाहीच. एवढी एकच रीत त्याने आजवर मोडली नव्हती, आणि आईच्या बाबतीत ती मोडायचा त्याला धीर होईना. मग तो काठी घेऊन तिच्या पायाशी बसला. कुत्री गोल करून बसली. तो उठला की ती मागे सरायची, तो बसला की पुढे यायची. लोक लांबूनच भाकरी ठेवून जायचे. पाटील ती खायचा नाही, कुत्र्यांकडे फेकायचा. तीही ती हुंगून सोडून द्यायची.

तो सारखा वर बघायचा. त्या स्वच्छ आभाळाकडे. "मामा!" अशा हाका मारायचा. गावाला घराघरांत ऐकू यायचं. एकदा खरंच एक काळा ठिपका दिसला. पाटील उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढून हलवू लागला. "या! इकडे! या हो मामा!" ठिपका खाली आला. घार होती. तिने दोन घिरट्या घातल्या आणि ती निघून गेली.

शेवटी कातळावर काय झालं, ते पाटलाने कुणाला सांगितलं नाही. एके सकाळी तो गावात आला. हातात काठी नव्हती, आणि आईची हाडंही नव्हती. त्याने कुणाकडे बघितलं नाही. घरामागच्या वाफ्याच्या बांधावर जाऊन तो बसला, आणि ओल्या मातीवरून नुसता हात फिरवत राहिला, जणू तिथे कुणी लहान मूल निजलंय आणि त्याला कसं सांगावं ते त्याला कळत नाहीये.

त्या दिवशी गाव पुन्हा चावडीवर जमलं. या खेपेला सगळे बोलत होते. आम्हाला तेव्हाच पटलं नव्हतं, असं प्रत्येक जण म्हणाला. मग गावातल्या सगळ्यांत जाणत्या आबांनी घसा खाकरला.

"झालं ते झालं. पोराबाळांना सांगायला यातून काहीतरी शिकलं पाहिजे. तात्पर्य असं, की आपली घाण जो निमूटपणे दूर करतो, त्याचीच ज्याला लाज वाटते, त्याला पुढे त्या घाणीतच राहावं लागतं."

"लाख बोललात, आबा!" लोक म्हणाले. काहींनी विसरू नये म्हणून ते वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटून पाहिलं.

तेवढ्यात कडेला उभी असलेली एक बाई पुढे आली. काखेत तान्हं मूल होतं, डोक्यावरचा पदर घसरला होता.

"तात्पर्य ऐकलं, आबा," ती म्हणाली. "आता माझी सासू पहाटे गेली, तिला कुठं ठेवू ते सांगा."