वीतभर सांधा

एकदा एक तरुणी दूरदेशीचे शिक्षण पुरे करून आपल्या खाडीकाठच्या गावी परतली. येताना तिने नकाशांची एक जाड गुंडाळी आणली होती. त्या नकाशांबरहुकूम पोलादाची एक शिडाची नौका बांधायची, महिनोन्महिने समुद्रात राहू शकेल अशी, आणि तिच्यावर खाडीकाठच्या मुलामुलींना शीड, वारा आणि तारे शिकवायचे, असा तिचा संकल्प होता. ज्यांच्या पणजोबांनी नुसत्या शिडावर समुद्र पालथा घातला, त्या घरांतली मुले आज इंजिन बंद पडले की हातपाय गाळतात, हे तिला सलत होते.

नकाशांमागोमाग एके दिवशी ट्रकमधून पोलादी पत्रे आले. ते कारखान्यात मापाने कापलेले होते आणि प्रत्येकावर क्रमांक घातलेला होता. क्रमाने लावायचे, वेल्डिंगने सांधायचे, की नौका तयार. निदान कागदावर तरी एवढेच लिहिले होते.

गावात एक वृद्ध कारागीर राहत असे. मोठ्या बंदराच्या गोदीत त्याने चाळीस वर्षे जहाजांचे पत्रे सांधले होते. आता त्याच्या डोळ्यांना ठिणगीचा उजेड सोसत नसे. तरुणी त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "तात्या, मला शिकवा."

"मी हातात काही धरणार नाही. नुसता बसून बघेन. चालेल?"

"चालेल."

"आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

"थांबेन, तात्या."

"सगळे असंच म्हणतात," म्हातारा म्हणाला आणि चपला शोधू लागला.

खाडीकाठच्या उतारावर काम सुरू झाले. नकाशाप्रमाणे नौका उलटी बांधायची होती, म्हणजे कणा आभाळाकडे आणि तोंड जमिनीकडे. ते पाहायला गाव लोटला. डिझेल आणि मासेमारीची जाळी विकणारा एक व्यापारी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिथे एक फेरी मारून जाई. तो म्हणाला, "पोरी, बुडताना उलट्या झालेल्या होड्या बघितल्यात मी. तू तर बुडायच्या आधीच उलटी केलीस!"

"शेठ, उलटी असली की तळाचं काम उभ्यानं करता येतं. मग क्रेननं सुलटी करायची."

"आणि एवढं लोखंड तरंगणार?"

"पोकळ असलं की सगळं तरंगतं," बाकड्यावरून तात्या म्हणाला. "तू नको काळजी करू. तुझं डोकंही बुडायचं नाही."

सगळे हसले. त्यात सर्वांत मोठ्याने व्यापारी हसला.

त्या उतारावर नौका ढकलण्याइतके पाणी वर्षातून दोनदाच चढत असे, एकदा होळीच्या पौर्णिमेला आणि एकदा आश्विनात. तरुणीने ग्रामसभेत उभे राहून शब्द दिला, "होळीच्या भरतीला नौका पाण्यात असेल." टाळ्या पडल्या. ज्या गावात कोणी कशाचीच तारीख देत नाही, तिथे तारीख देणारी ही पहिलीच होती.

हिवाळाभर तिने जीव तोडून काम केले. फासळ्या उभ्या राहिल्या, त्यांवर पत्रे चढले. शिंपी आधी कच्चे टाके घालतो तसे तिने पत्र्यांना जागोजागी वेल्डिंगचे टाके मारले. आता पक्का सांधा घालायचा होता, आणि इथे तात्याने एक विचित्र नियम घातला. डाव्या बाजूला वीतभर सांधा घालायचा आणि थांबायचे. मग पूर्ण वळसा घालून उजव्या बाजूला जायचे आणि बरोबर समोरच्या जागी वीतभर घालायचा. मग मागच्या टोकाला, मग पुढच्या. पत्र्यावर हात टेकवता येईल इतका तो निवाल्याखेरीज त्याच्या शेजारी पुन्हा रॉड लावायचा नाही.

"तात्या, अर्धा दिवस माझा चालण्यातच जातो."

"चालणं हेही कामच आहे, बाय."

तिला ते पटले नाही, पण शब्द दिला होता म्हणून ती चालत राहिली.

माघात तात्याच्या लेकीच्या घरी लग्न निघाले आणि तो आठ दिवसांसाठी परगावी गेला. त्या सकाळी तरुणीने दिवस मोजले. होळीला अठ्ठावीस दिवस उरले होते, आणि वीत-वीत करत गेले तर दोन महिन्यांचे काम शिल्लक होते. ती उभी राहून हिशेब करत होती तेव्हा व्यापारी आला. "काय गं, होळीला जमतंय ना? पाव्हण्यांना सांगून बसलोय मी."

"जमेल, शेठ," ती म्हणाली. आणि तिने काच चेहऱ्यावर ओढून घेतली.

तीन दिवसांत तिने डाव्या बाजूचा सर्वांत लांब सांधा, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत, एकाही ठिकाणी न थांबता घातला. तो सांधा अप्रतिम होता. माशाच्या अंगावर खवले ओळीने बसावेत तसा एकसारखा. गावातून माणसे बघायला येऊ लागली. व्यापाऱ्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "अशी शिलाई माझ्या शिंप्याला जमत नाही." ती त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोपली.

तात्या परतला तो थेट उतारावर आला. बरोबर लग्नातले लाडू होते, ते त्याने बाकड्यावर ठेवले. सांध्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो सावकाश चालत गेला. मग म्हणाला, "चाळीस वर्षांत असा सांधा मी एकदाही घातला नाही."

तिचा चेहरा उजळला.

"ग्राइंडर दे."

तिला वाटले, एखादा कंगोरा घासायचा असेल. तिने दिला. काहीच धरणार नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने डोळ्यांवर काच चढवली, सांध्याच्या बरोबर मध्यावर चाक टेकवले आणि तो सुंदर सांधा कापायला सुरुवात केली.

"तात्या! काय करताय!"

"चळला म्हातारा," कोणीतरी म्हणाले. "लाडू जास्त झाले," व्यापारी म्हणाला. म्हाताऱ्याने कोणाकडे पाहिले नाही. दोन हात लांबी कापून झाली असेल नसेल, तोच पत्र्यातून घंटेवर घण बसावा तसा आवाज झाला आणि कापलेल्या जागी करंगळीएवढी फट उघडली. कोणी हात लावला नव्हता. पत्रा आपणहून मागे सरकला होता.

मग तात्याने दोरी मागितली. वर असलेल्या कण्यावर, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, ती ताणून धरायला लावली. दोन्ही टोकांना दोरी कण्यावर बसली होती. मध्यभागी मात्र कणा दोरीपासून दोन बोटे उजवीकडे निघाला होता. सबंध नौका धनुष्यासारखी डावीकडे वाकली होती.

तरुणी खाली बसली. "सांधा तर चांगला होता," ती म्हणाली.

"चांगला होता म्हणूनच वाकली," तात्या तिच्याशेजारी टेकत म्हणाला. "कच्चा असता तर तुटला असता, नाव वाचली असती. बाय, लोखंड तापलं की पसरतं आणि निवताना आकसतं. आकसताना ते शेजाऱ्याला ओढतं. वीतभर आच दिलीस तर वीतभर ओढतं, आणि तेवढ्यात समोरच्या बाजूला तेवढीच आच मिळाली तर दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. तू सगळी आच एकाच बाजूला दिलीस. त्या बाजूनं मग सगळ्या नावेला आपल्याकडे ओढलं. गोदीत आम्ही तरुणपणी असाच एक तराफा घाईनं सांधला होता. जन्मभर तो डावीकडेच जायचा. त्याला सरळ ठेवता ठेवता सुकाणूवाल्यांचे खांदे निकामी झाले."

"मग उजवीकडेही असाच सलग सांधा घालते," ती घाईने म्हणाली. "तीन दिवसांचं काम. तो उजवीकडे ओढेल, कणा सरळ येईल. होळीही गाठता येईल."

"येईल. कणा सरळ दिसेल," तात्या म्हणाला. "पण आत दोन्ही बाजू एकमेकींना दातओठ खाऊन ओढत राहतील. खाडीत कळणार नाही. बाहेरची मोठी लाट पहिल्यांदा अंगावर येईल, तेव्हा त्यातली एक बाजू हार मानेल. त्या वेळी नावेत कोण असेल, ते तुला ठाऊक आहे."

तिच्या डोळ्यांपुढे दहा-बारा वर्षांची मुले आली, कठड्याला धरून वाऱ्याकडे तोंड करून उभी असलेली.

व्यापारी खाली वाकून म्हणाला, "पोरी, मनावर घेऊ नको. सांध दोन्हीकडे आणि वरून रंग मार. रंगाखाली सगळे सांधे सारखेच."

तात्याने ग्राइंडर तिच्या पुढ्यात ठेवला. "मी दोन हात कापलं ते दाखवायला. उरलेलं कापायचं की जोडायचं, ते तू ठरव. नाव तुझी आहे."

होळीचा शब्द, ग्रामसभेतल्या टाळ्या, व्यापाऱ्याचे पाहुणे, हे सारे एका बाजूला होते. मग ती उठली आणि आपल्या हाताने घातलेला, आयुष्यातला सर्वांत सुंदर सांधा तिने टोकापासून टोकापर्यंत कापून काढला. जसजसे चाक पुढे जाई, तसतसा पत्रा सुस्कारा सोडल्यासारखा सैल होई. संध्याकाळी दोरी पुन्हा ताणली तेव्हा ती मध्यभागी कण्याला जवळजवळ टेकली होती.

होळीच्या आठवडाभर आधी शिमग्याची पालखी निघाली आणि गाव तिच्याभोवती जमला, तेव्हा तिने सर्वांसमोर सांगितले, "यंदा होळीला नौका पाण्यात जाणार नाही. माझ्या घाईनं ती वाकली होती. आश्विनात नेऊ." थोडी कुजबुज झाली. व्यापारी म्हणाला, "बरं झालं आधी सांगितलंस, पाव्हणे बकरं मागत होते." आणि ढोल पुन्हा सुरू झाले. ज्या क्षणाची तिला इतके दिवस धास्ती होती, तो इतक्यात संपला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना ती तात्याला म्हणाली, "एका वेळी दोन्ही बाजूंना आच लागली, तर वळसे वाचतील. नाही का?"

"वाचतील. गोदीत आम्ही जोडीनंच सांधायचो. डावीकडे एक, उजवीकडे एक."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, मला शिकवा. आम्हांला शिकवा, असं म्हणाली नव्हतीस."

गावात खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा एक वेल्डर होता. हिवाळ्यात त्याने मदत करू का म्हणून तीनदा विचारले होते आणि तीनदा तिने नम्रपणे नाही म्हटले होते. खिडकीची जाळी कुठे आणि समुद्रातली नौका कुठे, असे तिला वाटले होते. आता ती त्याच्या दुकानात गेली.

"दादा, मला एका बाजूला माणूस हवा आहे."

"कुठल्या?"

"मी ज्या बाजूला नसेन त्या."

तो हसला आणि दुकानाचे फळकूट ओढून तिच्यामागे आला. पहिले काही दिवस त्याचा सांधा जाड येई आणि तिचा भरभर पुढे पळे. तात्या बाकड्यावरून ओरडे, "जाळीवाल्या, खिडकी नाही ती!" आणि लगेच, "बाय, तुला गाडी पकडायची आहे का?" हळूहळू दोघांचा हात एका चालीवर आला. वीतभर झाले की एकाने पत्र्यावर टकटक करायची, दुसऱ्याने पलीकडून उत्तर द्यायचे, मग पुढची जागा. ती टकटक गावाला इतकी सवयीची झाली की एखाद्या दुपारी ऐकू आली नाही तर व्यापारी दुकानातून डोकावून विचारी, "आज भांडलात काय?"

पावसाळाभर नौका ताडपत्रीखाली राहिली. भाद्रपदात क्रेनने ती सुलटी केली. डोलकाठी चढली. आश्विनातल्या पौर्णिमेच्या दुपारी भरतीचे पाणी उतारावर चढत आले, दोरखंडांना सारा गाव लागला आणि ती पाण्यात उतरली. व्यापाऱ्याने नारळ फोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मी आधीपासून सांगत होतो, तरंगेल म्हणून."

चार दिवसांनी खाडीच्या मुखाबाहेर पहिल्यांदा शीड भरले. नौकेवर तरुणी होती, जाळीवाला होता आणि डोलकाठीला पाठ टेकून बसलेला तात्या होता. वारा मागून, संथ आणि एकसारखा होता. तिने नाळ दूरच्या एका टेकडीच्या माथ्यावर धरली आणि सुकाणूवरचे दोन्ही हात काढून घेतले.

जाळीवाला दचकला. "हात का सोडलेस?"

तिने बोट ओठांवर ठेवले. दोघेही टेकडीकडे पाहत राहिले. एक लाट खालून गेली, मग दुसरी, मग कितीतरी. टेकडी नाळेवरून डावीकडे सरकली नाही की उजवीकडे सरकली नाही. नौका कोणी न धरता सरळ चालली होती. तात्याने डोळे मिटून घेतले होते, पण त्याला ते कळले होते.

"धर आता," थोड्या वेळाने तो म्हणाला. "वाऱ्याचा काही भरवसा नाही."

तिने सुकाणू हलकेच हातात घेतले. धरून ठेवावे लागत नव्हते. नुसता स्पर्श पुरत होता.

मनात आच घेऊन जे आपल्या गावी परततात, त्यांनी ती आच विझू देऊ नये. पण वीतभर काम झाले की हात थांबवावा आणि पलीकडच्या बाजूला कोण उभे आहे, ते पाहून यावे.