उद्याची पोथी लिहिणारा अंतोबा

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा आमच्या कोळवडीनं मोटार पाहिली नव्हती, आणि महादेवाच्या देवळात अंतोबा गुरव चातुर्मासात पोथी वाचायचा. एका वर्षी पोथीला वाळवी लागली. आता वाचायचं काय? मग अंतोबानं स्वतःच लिहायला घेतलं. पण झालेलं नाही, पुढं व्हायचं ते. बिनबैलाच्या गाड्या, भिंतीतून बोलणारी माणसं, चांदणीवर जाणारा रांजण. असलं आधी कुणी लिहिलंच नव्हतं, असं म्हणतात.

रांजणात बसवायला माणूस हवं होतं. त्यानं गावातलीच ठकू कुंभारीण बसवली. पोथीत ठकू चांदणीवर पोचली आणि अंतोबा अडला. तिला परत कसं आणायचं, ते सुचेना.

इकडे गाव गोंधळलं. पोथीतलं खोटं कसं असेल? ठकू वर आहे, तर मग चाकावर बसलीय ती कोण?

पाटलीणबाई म्हणाली, "अगं ठके, तू आलीस कधी?"

"मी गेले कुठं होते, पाटलीणबाई?"

"वा गं! सगळ्या गावानं ऐकलंय."

ठकूच्या लेकीचं ठरलेलं लग्न थांबलं. व्याही म्हणाले, आधी विहीणबाई खाली येऊ देत. शेवटी ठकूलाच कळेना. पाणी प्यायली की विचारायची, हे माझ्या पोटात गेलं की तिच्या?

ती देवळात गेली. "गुरवभाऊ, मला खाली आणा."

"अगं, तू इथंच तर आहेस."

"ते मला नका सांगू. पोथीला सांगा."

"सगळं करून बघितलं, ठकू. वरून कुणी दोर धरल्याशिवाय माणूस उतरत नाही."

"मग बसवा की दुसरं कुणी वर."

अंतोबानं हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि त्याच्या लेकीचं लग्न?"

भर दुपारी त्यानं टाक उचलला. ठकू पायरीवर बसून टाकाची कुरकुर ऐकत होती. आवाज थांबला म्हणून आत गेली, तर आत कुणी नाही. शाई ओली होती, असं म्हणतात. कुलकर्ण्यांनी पान वाचून दाखवलं: 'अंतोबा वर गेला. त्यानं दोर धरला. ठकू उतरली.' पुढं कोरं.

लिहून मग गेला, की जाऊन मग लिहिलं? मला अजून उमगलेलं नाही. कुणी म्हणतं, मागच्या दारानं काशीला गेला. पण देवळाला मागचं दारच नाही.

लेकीचं लग्न मात्र झालं.

पुढं शहरातल्या लोकांनी ते छापलं आणि त्याला पहिली विज्ञानकादंबरी म्हणाले. म्हणोत. आमची ती पोथीच, आणि पोथी अर्धी ठेवत नाहीत. म्हणून दर चातुर्मासात शेवटचं पान वाचून झालं की कुणीही उठतं आणि अंतोबाला उतरवायची एक युक्ती सांगतं. यंदा मी शिडी सांगितली. पण शिडी झाली तरी वर धरणारं कुणी लागतंच. मग ठकूच्या घराण्यातली एक लेक उभी राहते आणि म्हणते, "मी धरते."

सगळं गाव एका आवाजात ओरडतं, "बस गं खाली!"

आणि समाप्तीचा नारळ तसाच पुढच्या वर्षावर जातो.