एकच पेला

नगरच्या बाजूला करंजदरा नावाच्या गावी कृपादास महाराज राहत असत. कुडाच्या प्रार्थनामंदिराशेजारी खोपट, हातात एकतारी आणि मुखी प्रभू येशूचे भजन, एवढाच त्यांचा संसार. खालच्या आळीतल्या लहानू दोरवाल्याने त्यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतला.

पहिल्याच प्रभुभोजनाला, म्हणजे सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षरस प्यायच्या विधीला, लहानू पेल्याला ओठ लावणार, तोच वरच्या आळीचे गेनूजी पंच कडाडले, "थांब लहान्या! तुझा उष्टा पेला आम्ही तोंडाला लावायचा होय?"

आता काय म्हणावे! पंचही ख्रिस्ती, लहानूही ख्रिस्ती. देव बदलला, पण आळी काही सुटली नाही. लहानूला वेगळा पेला ठेवावा असे पंचांनी ठरवले आणि वरच्या आळीने माना डोलावल्या.

इकडे लहानूचे भाऊबंद खवळले. "त्यांना दोर देऊ नकोस. आपण आपलं वेगळं मंदिर बांधू!"

लहानूलाही राग अनावर झाला होता. महाराजांपुढे तो ढसाढसा रडला. महाराज म्हणाले, "लेकरा, वेगळा पेला सोपा, वेगळं मंदिरही सोपं. मनात विष न ठेवता त्याच पेल्यापाशी पुन्हा जायचं, ही वाट अवघड. पण प्रभू त्याच वाटेनं गेला."

लहानू दर महिन्याला गेला. वेगळा पेला पुढे आला की हात जोडून तसाच परतायचा. पंचांच्या विहिरीचा दोर मात्र पहिल्याइतकाच मन लावून वळायचा. पंच हसायचे, "नव्याचे नऊ दिवस!"

चैत्रात पंच गाळ बघायला विहिरीत उतरले. वर येताना दोर कपारीला घासला आणि त्यांच्या डोक्यावरच त्याचे पेड तटतट तुटू लागले. ओढणारे गडी जागीच थिजले. ओढावे तर दोर तुटेल, थांबावे तरी तुटेल! पंच खालून ओरडले, "मेलो रे, वाचवा!"

लहानू धावत आला. भावाने त्याचा दंड धरला. "हात लावू नकोस! तुटला तर तूच मारलास म्हणतील."

खरेच होते ते. पण त्याने डोळे मिटले, "प्रभो, तूच धर!" म्हणाला आणि सगळ्यांच्या पुढे होऊन दोर ओढू लागला.

पंचांचे पाय काठाला लागले. कमरेचा दोर सोडता सोडता घासलेली जागा पाहिली, तर काय नवल! तीन पेडांतले दोन केव्हाच तुटलेले. सुतळीएवढ्या एका पेडावर तो धिप्पाड माणूस वर आला होता, आणि हात लागताच तोही गळून पडला.

आरडाओरडा ऐकून महाराजही विहिरीवर आले होते. पंच त्यांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "गेनूजी, जन्मभर याच्या हातच्या दोरानं पाणी प्यालास. ते बरं चाललं?"

पुढच्या प्रभुभोजनाला पंचांनी पेला स्वतः लहानूपुढे धरला. "दादा, आधी तू."

लहानू प्याला. मग गेनूजी पंचांनी त्याच्यापुढे मस्तक लववले आणि त्याचे ओठ लागलेल्या कडेलाच आपले ओठ लावले.