पुराच्या रेघेची दुसरी बाजू

"आणि पुराच्या रेघेची हीच बाजू कोरडी राहणार, हे कशावरून?" मठाचे महंत मुकुंदगिरी यांनी विचारलं.

"गणितावरून." काशीहून शिकून आलेल्या त्यांच्या शिष्याने, त्रिंबकने, हाताची हळद झटकली.

मठाच्या अंगणात त्याने ऐसपैस आलेख काढला होता. मधलं शून्य म्हणजे मठ, एक अक्ष पूर्वेला, दुसरा उत्तरेला. त्यावर तीन रेघा. एक पुराची, एक दरडींची, एक वाघाच्या रानाची. प्रत्येक रेघेची धोक्याबाहेरची बाजू त्याने रंगवली होती. हळदीने, राखेने, गेरूने. तिन्ही रंग जिथे एकावर एक आले, तो तुकडा उत्तर.

फाटकाशी लमाणांचा तांडा खोळंबला होता. बैल, पोरंबाळं, दिवस भरलेली एक बाई. वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता. नदी आज फुगणार हे नक्की होतं. मुलूख त्यांना नवा. कुठे उतरायचं ते मठाने सांगायचं होतं.

"महाराज, दिवस कलला," तांड्याचा नाईक, भीमला नावाचा, हळूच म्हणाला.

"उतरा की," त्रिंबक म्हणाला. "या तुकड्यात, खालच्या कुरणात. काशीला माझ्या आलेखात कुणाला चूक सापडली नाही."

"कुणी शोधली होती?"

त्रिंबकने हळदीची कड सारखी केली.

मुकुंदगिरींनी एक खडा उचलला. पूर्वेच्या अक्षावर सहाच्या खुणेवर ठेवला.

"इथे काय आहे?"

"नदी. पात्राचा मध्य."

"तुझ्या पुराच्या अटीत घालून बघ."

हा कसला पोरखेळ, असं त्रिंबकच्या मनात आलं. पुराची मठातली जुनी अट साधी होती. पूर्वेच्या अंतरातून उत्तरेचं अंतर वजा केलं तर चारच्या वर जाऊ नये. ती त्याने सोयीसाठी फिरवून घेतली होती: पूर्वेतून चार वजा केले की जे येईल, त्याहून उत्तरेचं अंतर जास्त नको.

"उत्तरेला शून्य... पूर्वेला सहा, त्यातून चार गेले, दोन. शून्य दोनपेक्षा कमी. अट..."

"अट?"

"...पाळली जाते."

"म्हणजे नदीच्या पात्रात झोपायला हरकत नाही."

कुणी हसलं नाही. भीमला एकदा खड्याकडे, एकदा त्या बाईकडे बघत राहिला.

त्रिंबकने मनात पुन्हा मांडणी केली. अट फिरवताना उणेने भागलं होतं आणि चिन्ह उलटवायचं राहिलं होतं. रेघ जिथल्या तिथे होती. बाजू चुकली होती. आपल्या हाताने आपण या माणसांना पाण्यात धाडत होतो, हे कळल्यावर त्याची मान वर होईना.

गुडघे टेकून त्याने तळव्याने हळद पुसली, पलीकडची बाजू रंगवली. मग खडा पुन्हा तपासला. आता नदी अटीबाहेर गेली. मठ तपासला. मठ अटीत बसला. दुसरी रेघ तपासली, तिसरी तपासली. आता तिन्ही रंग टेकाडाच्या अंगाला, एका चिंचोळ्या पट्टीत भेटत होते.

"नाईक, इथे," तो म्हणाला. पट्टीवर त्याने बोट ठेवलं. "या पट्टीत कुठेही."

"कुठेही?" मुकुंदगिरींनी विचारलं. "पुराच्या रेघेवरसुद्धा?"

त्रिंबकने जुनी अट पुन्हा मनात म्हटली. "हो. अटीत रेघ धरलेली आहे, बरोबर चार आले तरी चालतात."

"नक्की?"

"...नक्की."

मुकुंदगिरींनी खुंटीवरचं कांबळं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं.

"मग तांड्याला पट्टीच्या आत झोपव. रेघेवर तू झोप."